कुकडीकाठची परकी राख

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत दगड म्हटला की काळा फत्तर. शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीची लेणी, शेताच्या बांधावरचे धोंडे, सारे एकाच जातीचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या शिलारसाचे. असे असता बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठी, गाळाच्या थरांमध्ये, एक फिकट राखाडी पट्टा आढळतो. चिमूटभर बोटांवर चोळली तर ती पिठासारखी लागते, पण किंचित खरखरते. ही चुलीतली राख नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेच्या वक्र कपच्या दिसतात. त्या फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती होत.

ही काच आली कोठून? आमच्या फत्तरात सिलिका शेकडा ५० च्या आसपास असते. या राखेत ती ७० च्या बरीच वर जाते. हे प्रमाण ग्रॅनाइटचे. असा शिलारस जमिनीखाली खोल सावकाश निवला तर ग्रॅनाइट होतो. वायूने फुगून वर फुटला तर त्याची राख होते. म्हणजे ही राख ग्रॅनाइट होता होता राहिलेली. सह्याद्रीने ती ओकली असणे शक्य नाही, कारण त्याचे शिलारस कुकडी वाहू लागण्याच्या कितीतरी आधी थंडावले होते. काचेची रासायनिक घडण जुळते ती सव्वातीन हजार किलोमीटर दूरच्या, सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी.

टोबाच्या शिलारसाचे कूळ समस्थानिकांनी सांगितले. रुबिडियमचा एक प्रकार फार मंदगतीने क्षय पावून स्ट्रॉन्शियम ८७ बनतो. खंडांच्या जुन्या कवचात रुबिडियम पुष्कळ, म्हणून तेथे स्ट्रॉन्शियम ८७ युगानुयुगे साठत जाते. पृथ्वीच्या खोल भागातून थेट आलेल्या लाव्हात स्ट्रॉन्शियम ८७ व ८६ यांचे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास असते. टोबाच्या खडकांत ते ०.७१३ च्या वर आहे. तेव्हा त्या शिलारसात खंडाचे जुने कवच वितळून मिसळले, हे उघड होते. प्राचीन ग्रॅनाइटांची वंशावळही याच रीतीने लावतात.

येथवर कोणाचा फारसा तंटा नाही. तंटा आहे तो वयाचा. टोबा एकदाच फुटला नाही. शेवटचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, परंतु त्याआधी पाच लाख व आठ लाख वर्षांच्या सुमारासही स्फोट झाले, आणि त्यांची राख बरीच सारखी. १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने बोरीच्या राखेचे वय १४ लाख वर्षे निघाले. १९९५ मध्ये आर्गॉन समस्थानिकांनी ते सुमारे ६ लाख ७० हजार ठरवले. उलट १९९८ मध्ये जॉन वेस्टगेट व सहकाऱ्यांनी काचेच्या परीक्षणावरून भारतातील सारी टोबा राख शेवटच्याच स्फोटाची ठरवली. २०११ मध्ये वेस्टवे, शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी बोरीसाठी पुन्हा जुन्या वयाची बाजू मांडली.

येथे एक हिशेब पाहण्यासारखा आहे. नमुन्यातील पोटॅशियमपैकी शेकडा एक भाग जरी काळ्या फत्तराच्या कणांतून आला, तरी ६ कोटी ६० लाखांचा शंभरावा हिस्सा, म्हणजे ६ लाख ६० हजार वर्षे, वयात आयतीच भर पडते! आणि राख तर नदीने वाहून आणून फत्तराच्याच वाळूत मिसळलेली. आम्हांस हा आक्षेप वजनदार वाटतो. तथापि जुन्या वयाचा पक्ष घेणाऱ्यांना तो ठाऊक नव्हता असे मुळीच नाही.

तंटा एवढा पेटला याचे कारण राखेच्या सोबतीने मिळालेली दगडी हत्यारे. त्यांत हातकुऱ्हाडी आहेत. राख साडेसहा-सात लाख वर्षांची असेल, तर कुकडीच्या काठी फत्तर फोडून हत्यारे घडवणारा मनुष्य भारतातील अतिप्राचीन रहिवाशांपैकी एक ठरतो. ती ७४ हजारांची असेल, तर या हत्यारांचे वय राखेवरून सांगता येणार नाही. नदीने जुन्या थरांतील दगड उचलून नव्या राखेपाशी आणून टाकले असतील, किंवा ती घडण येथे फार उशिरापर्यंत टिकली असेल. दोन्हींतले काय घडले हे ठरवायचे तर मूठभर राखेचे सरासरी वय काढून भागत नाही. स्फटिक एकेक निवडून, त्याचे वय वेगळे मोजावे लागते. आणि राखेतील काळ्या अभ्रकात लोह व मॅग्नेशियम यांचे प्रमाण पाहावे लागते, कारण टोबाचे निरनिराळे स्फोट तेथे एकमेकांपासून ओळखू येतात.