फिल्टर शाबूत, तरी धूळ आत

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. अशा हातबांधणीच्या विमानात हवा आत घेणारा मार्ग मात्र दुर्लक्षित राहतो. फिल्टर आहे, मग धूळ जाईल कुठून, असं विचारलं जातं. ती जाते फिल्टर आणि इंजिन यांच्या मधून: थरथरीने एअरबॉक्सला (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या पेटीला) बिजागरीपाशी तडा जातो, रबरी नळी कुठेतरी घासून तिला भोक पडतं आणि इंजिन तिथूनच हवा ओढतं. नवी मुंबईत गव्हाणशेजारी विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली. तसल्या कापलेल्या दगडाची भुकटी या वाटेने आत गेली, तर सिलिंडर आणि पिस्टन रिंगा खाऊन टाकते. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून वर ठिगळ रिव्हेट करतात. ते योग्यच (रिव्हेट सुटलं तर थेट इंजिनात जातं, एवढं ध्यानात ठेवावं), पण थरथर तशीच राहिली तर शेजारून नवा तडा निघतो. म्हणून आधी आधार पक्का करायला हवा. विमान क्वचितच उडतं, हा बचावही टिकत नाही. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत उभ्या विमानाचंही रबर कडक होतं, ॲल्युमिनियम गंजतं. फिल्टर चुकवणारी आणखी एक वाट आहे: कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी झडप उघडली, की बहुतेक विमानांत हवा न गाळताच आत शिरते. धुळीच्या धावपट्टीवर ती गरजेपुरतीच उघडा.