शुगर निघाली, पण अंगावर मांसच नाही? सडपातळ तरुणांचा मधुमेह समजून घ्या

बऱ्हाणपूर : ‘शुगर’ म्हटलं की सुटलेलं पोट आणि चाळिशी ओलांडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. पण पॉवरलूमवर रात्रपाळी करणाऱ्या किंवा केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या काटकुळ्या पोरालाही मधुमेह होऊ शकतो. अशा वेळी वडिलांचीच गोळी त्याला देणं किंवा सुईच्या भीतीने इन्सुलिन थांबवणं जिवावर बेतू शकतं.

टाइप ५ म्हणजे काय?

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. आजार मात्र जुनाच. १९५५ मध्ये जमैकात त्याची नोंद झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये तो यादीत घेतला आणि १९९९ मध्ये वगळला.

वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टर आणि अमेरिकेतील संशोधकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांमध्ये इन्सुलिन कमी तयार होतं, पण शरीर त्याला चांगली दाद देतं, असं त्यात दिसलं. टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. इथे तसं नाही. त्यामुळे उपाशीपोटी मोठा डोस घेतला तर साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

उपचार काय?

याची ठरीव उपचारपद्धती अजून घडते आहे. तूर्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या किंवा इन्सुलिनचा कमी डोस आणि सोबत पोटभर सकस जेवण, यावर भर असतो. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध हवंच. इथे ‘खाणं कमी करा’ हा सल्ला उलटा पडतो.

बारीक म्हणजे टाइप ५ नव्हे

टाइप १ मध्ये इन्सुलिन जवळपास बनतच नाही. ते थांबवलं तर काही दिवसांत जीव धोक्यात येतो. वारंवार पोटदुखी आणि तेलकट शौच असेल तर स्वादुपिंडात खडे असू शकतात. ते एक्स-रे किंवा सोनोग्राफीत दिसतात. घरात पिढ्यान्पिढ्या कमी वयातच शुगर निघत असेल तर एका जनुकातील दोषामुळे होणारा ‘मोडी’ असू शकतो. त्याच्या काही प्रकारांत साधी गोळी पुरते. शिवाय अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे सडपातळ माणसाला टाइप २ सुद्धा होतो.

काय कराल?

लघवीतील कीटोन, सी-पेप्टाइड आणि अँटीबॉडी या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. सी-पेप्टाइड, अँटीबॉडीची सोय गावात नसेल तर जळगाव किंवा इंदूर गाठा. सतत तहान, उलट्या, जोरजोरात श्वास ही लक्षणं दिसली तर मात्र रिपोर्टची वाट बघत बसू नका. रुग्णाला लगेच दवाखान्यात न्या. आणि प्रकार पक्का होईपर्यंत चालू असलेलं इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.