निळे-हिरवे शेवाळ : खत, रंग आणि औषध

भातखाचरांत दिसणारे निळे-हिरवे शेवाळ शेतकरीवर्गास अपरिचित नाही. त्याच्या काही जाती हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखविले. याच वर्गातील स्पिरुलिनापासून फायकोसायनिन हा निळा रंग काढतात. तो खाद्यपदार्थांत चालतो. कर्करोगाच्या पेशींवरही त्याचे प्रयोग झाले आहेत, परंतु औषध म्हणून तो सिद्ध झालेला नाही.

औषध निघाले ते रंगातून नव्हे, विषातून. एका समुद्री गोगलगाईत सापडलेल्या डोलास्टॅटिन-१० या विषाची रचना १९८७ साली उलगडली. पुढे त्याचे मूळ शेवाळात आढळले. हे विष निरोगी पेशींसही मारक. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच धर्तीचे विष बनवून, रोगट पेशी हुडकणाऱ्या प्रतिपिंडास जोडले. पेशीत शिरल्यावर जोड तुटतो व विष मोकळे होते. असे ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन हे औषध अमेरिकेत २०११ साली हॉजकिनच्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर मान्य झाले.

तथापि डबक्यातील शेवाळ औषध समजून कोणी सेवन करू नये. त्याच्या कित्येक जाती यकृतास घातक विष सोडतात. हिरवी साय धरलेले पाणी गुरांसही पाजू नये, हेच हिताचे होय.