हौसेची होडी आणि भरतीचे गणित

नदीकाठच्या गोमंतकीयाला स्वतःची होडी असावीशी वाटणे स्वाभाविक आहे. पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा वाहते; डिचोली तालुक्यात साखळीच्या वाळवंटीवर त्रिपुरारी पौर्णिमेस सजविलेल्या नौकांचा उत्सव होतो. परंतु होडी विकत घेतली म्हणजे नदी आपली झाली, असे नव्हे.

या नद्यांच्या खालच्या भागांत समुद्राची भरती आत शिरते. दोन भरतींमध्ये सुमारे १२॥ तासांचे अंतर असते आणि दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. यावरूनच किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा बसला आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. मुखापासून जितके आत जावे, तितकी ती वेळ लांबते.

हौशी मनुष्य फसतो तो येथेच. ओहोटीबरोबर मुखाकडे जाताना वल्हे हलके लागते. परतताना तेच पाणी समोरून येते आणि थकलेले हात पुरे पडत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ विशेष असते. यास्तव जाणत्याने आधी प्रवाहाविरुद्ध वल्हवावे व परतीसाठी त्याचे साहाय्य राखून ठेवावे. जवळ एक जादा वल्हे, पाणी उपसण्यास डबा आणि प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट असावे.

पावसाळ्यात घाटावरून उतरणारा लोंढा मात्र कोणतेच गणित मानीत नाही. त्या दिवसांत होडी काठावर उंच जागी पालथी घालून ठेवावी, हेच शहाणपण.