कोंडुऱ्याचा आवाज

वेंगुर्ल्याजवळ कोंडुऱ्याला समुद्र खडकाच्या घळीत शिरतो आणि आतून घुमणारा आवाज बाहेर येतो. लहानपणी आजीबरोबर तिथे गेले, की ती पदर सावरून त्या आवाजाला हात जोडायची. "आजये, कोणाक हात जोडतंस?" असं मी विचारलं, तर म्हणायची, "जो कोण असात तेका."

याच मुलखात वाढलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'कोंडुरा' ही कादंबरी लिहिली. ती १९६६ साली प्रसिद्ध झाली. एके काळी कुडाळात खानावळ चालवणारे आणि 'आरती प्रभू' या नावाने कविता लिहिणारे हे लेखक १९७६ साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी श्याम बेनेगल यांनी 'कोंडुरा' पडद्यावर आणला. तो हिंदीत आणि 'अनुग्रहम्' या नावाने तेलुगूतही निघाला. आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट आंध्रच्या मुलखात गेली.

मुंबईत एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी तो पाहिला. थोरल्या भावाशी भांडून घराबाहेर पडलेल्या परशुरामाला कोंडुरा भेटतो आणि गर्भ पाडणारी एक मुळी देतो. अट एकच, ब्रह्मचर्याची. आणि याची तर घरी बायको आहे! अनंत नागचा बावरलेला परशुराम आणि अमरीश पुरींचा कोंडुरा अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

'अंकुर' आणि 'निशांत' काढणाऱ्या बेनेगलांची नजर इथेही जमीनदाराच्या वाड्याकडे वळते. देवीचं देऊळ उभारायला पैसा तोच देतो. त्याच्या सुनेच्या, म्हणजे स्मिता पाटीलच्या पोटातलं मूल सासऱ्याचंच आहे असं धरून परशुराम तिला मुळी देतो. ते मूल तिच्या नवऱ्याचं होतं, हे त्याला फार उशिरा कळतं. देव गावात कोणाच्या पैशाने येतो आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे चित्रपट रोखठोक दाखवतो.

खेळ संपला तेव्हा मला माझी काकी आठवत होती.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. लग्नाला सहा वर्षं होऊनही काकीला मूल नव्हतं. शेजारच्या वाडीतल्या एकाच्या अंगात वारं येई. आजी तिला त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने अंगारा दिला आणि अमावास्येपर्यंत उंबरा ओलांडू नको म्हणून सांगितलं. मधेच काकीच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टरकडे न्यायला आजीने चार दिवस लावले. काकी वाचली, पण मूल होण्याची आशा संपली.

त्यानंतर एका रात्री तो माणूस आमच्या खळ्यात येऊन बसला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माका कायएक समजणा नाय, काकू." आजीने त्याच्यापुढे नारळ ठेवला. म्हणाली, "असा बोलू नको, देव कोपात." नारळ घेऊन तो गेला. पुढच्या सोमवारी त्याच्या दारात पुन्हा माणसांची रांग होती.

कादंबरी मी चित्रपटानंतर वाचली आणि त्या रात्रीचा अर्थ लागला. खानोलकरांचा परशुराम आपल्याला आतून दिसतो. मिळालं ते वरदान की भास, हे त्याचं त्यालाच उमगत नाही. पण गावाला ते केव्हाच उमगलेलं असतं! देवाला कौल लावल्याशिवाय आणि गाऱ्हाणं घातल्याशिवाय ज्या गावांत पान हलत नाही, तिथे असा माणूस सापडणं ही गावाचीच गरज असते. एकदा सापडला, की त्याला पुन्हा साधा माणूस होऊ देत नाहीत. चित्रपटात मला काकी दिसली. कादंबरीत मात्र तो माणूस दिसला, आणि त्याच्यापुढे नारळ ठेवणारी माझी आजीही.

चित्रपटात कोकण हरवलं म्हणून हळहळणारे आमच्याकडे आहेत. आपला समुद्र पडद्यावर नाही, ही रुखरुख मलाही आहे. पण गोष्ट आंध्रात जाऊनही जिवंत राहिली, याचा अर्थ हे दुखणं एकट्या कोकणाचं नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, हे फार बरं झालं. कायदा बुवाला धरील. पण नारळ ठेवणाऱ्या हातांना कोण धरणार?

पुढे कधीतरी सुटीत गावी गेले असताना काकीला मी चित्रपटाची गोष्ट सांगितली. सुनेचं ऐकून ती रडेल, अशी मला भीती होती. ती रडली नाही. विळीवर नारळ खवता खवता थांबली आणि परशुरामाबद्दलच विचारती झाली, "तेका कोणीच सांगूक नाय, बाबा रे, घराक जा म्हणान?"