पडत्या भावात उठायचं कधी?

परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या बाजार समितीत कापसाचा लिलाव सुरू झाला, की खरेदीदारांचा घोळका एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे सरकत जातो. ट्रॉलीच्या वरच्या थरावर कुणाचा विश्वास नसतो. हात कोपरापर्यंत आत जातो आणि आतला मूठभर कापूस बाहेर येतो. चिमटीत ओढून धागा बघायचा, मुठीत दाबून ओल अजमावायची, कवडी आणि पाला नजरेनंच मोजायचा. मग बोली. आकडा पन्नासानं, मग दहानं चढतो, अडतो, आणि सगळे गाडीवाल्या शेतकऱ्याकडे बघतात. चिठ्ठी घेऊन जिनिंगच्या काट्यावर जायचं, नाहीतर मान हलवायची आणि गाडी तशीच राहू द्यायची. या सगळ्या धंद्यातली सगळ्यात अवघड जागा मला हीच वाटत आली आहे. भाव चढता असेल तर तिथं कुणीही शहाणा ठरतो. भाव रोज शंभरानं खाली येत असतो तेव्हा गंमत असते.

दिवाळीत तीनपत्तीला बसणाऱ्यांना ही जागा ओळखीची असते. खिशातलं निम्मं गेलेलं असतं, समोरचा हसत असतो, आणि तोंडातून निघतं, ‘एक डाव अजून.’ पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत पोकर खेळणारे मुरलेले लोक यावर एक नियम पाळतात: बसताना जेवढी रक्कम घेतली, तिच्या दुप्पट-तिप्पट गेली की उठायचं. नियम साधा दिसतो, पण त्यामागचा युक्तिवाद सरळ नाही. पत्त्यांना तुमची हार माहीत नसते. पुढचा डाव मागच्याची परतफेड करत नाही आणि सूडही घेत नाही. म्हणजे ‘हरतोय’ हे उठण्याचं कारण नव्हेच. खरं कारण दोनच: समोर बसलेले आपल्यापेक्षा सरस आहेत, किंवा आपलं डोकं आता ठिकाणावर नाही. पण डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवणार तेच डोकं. म्हणून आकडा आधी ठरवून ठेवायचा, डोकं थंड असताना.

मानवतच्या पट्ट्यात धरून बसण्याचा हा डाव मोठ्या रकमेवर खेळला गेला तो २०२२-२३ च्या हंगामात. त्याआधीच्या वर्षी कापसानं दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता, एप्रिल-मे २०२२ मध्ये काही बाजारांत क्विंटलला बारा हजारांच्याही वर भाव गेला. ज्यांनी दिवाळीत विकला ते वर्षभर हळहळले. पुढच्या हंगामात मग घराघरात कापूस राहिला: ओसरीत, माळवदाच्या खोलीत, कुठं देवघराच्या दारापर्यंत. सुरुवातीला भाव नऊ हजारांच्या घरात होता. संक्रांतीला उतरला, होळीला आणखी उतरला, जूनपर्यंत सात हजारांच्या आसपास आला. घरात माणसांच्या अंगाला खाज सुटली, साठवलेल्या कापसातून गुलाबी बोंडअळीचे पतंग निघू लागले, तरी गाड्या भरल्या जात नव्हत्या.

नीट पाहिलं तर यातले बरेच जण हरत नव्हतेच. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,३८० रुपये होता. सात हजार म्हणजे त्याच्यावरच. पण हार मोजायची कुठून? शेतकरी ती बियाण्या-खताच्या खर्चापासून मोजत नाही, कानावर पडलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्यापासून मोजतो. बारा हजार त्याच्या हातात कधी आलेच नव्हते, तरी सात हजार घेताना पाच हजार हरवल्याचं दुःख खरं असतं. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं: माणूस फायदा-तोटा मनातल्या एका खुणेपासून मोजतो, आणि त्या खुणेच्या खाली गेला की धोका पत्करायला तयार होतो. १९८५ मध्ये शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी शेअरबाजारातली याची बाजू दाखवली: वाढलेला शेअर लोक लवकर विकतात, पडलेला धरून बसतात. हे मानवतच्या आडतीवर सांगितलं तर कुणाला नवल वाटणार नाही. फक्त परदेशातल्या लोकांना त्यावर लेख लिहावे लागले याचं वाटेल.

जुगाराच्या अड्ड्यावर प्रत्येक डावातून अड्डेवाला आपली नाल काढतो. खेळणारे जिंको वा हरोत, नाल जातेच. घरातला कापूसही नाल देतो, पण ती डोळ्यांना दिसत नाही. डिसेंबरात बारा टक्के ओल असलेला शंभर किलो कापूस उन्हाळ्यात आठ टक्क्यांवर वाळला, तर काट्यावर साधारण पंच्याण्णव-सहाशे, म्हणजे साडेपंच्याण्णव किलोच्या थोडा वर भरतो. हमीभावानं सरकारी खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या केंद्रावर याचा हिशेब निदान उघड असतो: आठ टक्क्यांच्या वर जेवढी ओल तेवढी कपात, बाराच्या वर असेल तर माल परत. खुल्या लिलावात ओल मुठीनं मोजतात, आणि मूठ ज्याची त्याची. त्यात उधारीचं व्याज धरा. महिन्याला शेकडा दोन म्हटलं तर आठ हजारांवर सहा महिन्यांचे ९६० रुपये. एकूण, डिसेंबरातले आठ हजार जूनमध्ये नुसते टिकवायचे तर भाव नऊ हजार साडेतीनशेच्या पुढे लागतो. ‘भाव तोच आहे, तोटा कुठं झाला?’ असं म्हणणारा खरं तर हरून बसलेला असतो.

वर या डावाचे नियम मधेच बदलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. पैशांवरचे ऑनलाइन खेळ, रमी-पोकरसकट, बंद करणारा कायदा संसदेत मंजूर झाला, आणि कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क सरकारनं उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. एक जुगार बंद झाला, दुसऱ्यातले पत्ते नव्यानं पिसले गेले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक जुगारी आपलं रडगाणं गातो आणि त्याला सांगितलं जातं, फासे सोड आणि शेती कर. सांगणाऱ्याला कापूस विकायची वेळ आली नव्हती, एवढंच म्हणता येईल.

पोकरच्या टेबलावरून उठायला प्रत्येकाला सारखी मुभा असते. इथं तसं नाही. ज्याच्यावर कृषी सेवा केंद्राची उधारी आहे, वेचणीवाल्या बायांची मजुरी थकली आहे, तो पहिल्या वेचणीलाच बाजारात येतो. उठायचं कधी हे त्यानं ठरवलेलंच नसतं. २०२२ मध्ये तो हळहळला, २०२३ मध्ये तोच सुटला, आणि दोन्ही वेळा त्याची अक्कल त्यात नव्हती. धरून बसणं ही ज्याच्याकडे ओसरी आहे आणि चार पैसे आहेत त्याची चैन, आणि म्हणून चूकही त्याचीच. त्यालाही मृगाआधी उठावंच लागतं: बियाणं घ्यायचं असतं, जिनिंग बंद व्हायला आलेली असते.

धरणाऱ्यानं स्वतःला विचारावा असा प्रश्न मला एकच वाटतो. घर रिकामं असतं आणि हातात रोख असती, तर आजच्या भावानं एवढा कापूस विकत घेऊन साठवला असता का? ‘छे, वेड लागलंय का,’ असं उत्तर आलं तर गाडी भरावी. पण हा प्रश्न फार कमी जण विचारतात, कारण पिकवलेला आणि विकत घेतलेला कापूस मनात एका मापानं मोजलाच जात नाही.

जुनी कुटुंबं हा पेच बिनबोभाट सोडवतात. पहिली वेचणी मजुरी आणि दिवाळीसाठी, भाव काहीही असो. दुसरी उधारी आणि लग्नकार्यासाठी, संक्रांतीच्या आत. उरलेला तिसरा वाटा ठेवायचा, आणि तो गेला तर गेला. वाटे भाव कळायच्या आधीच, पीक उभं असताना पडलेले असतात. यात कुणी श्रीमंत होत नाही. बारा हजारांच्या वर्षी तर अशा घरांची चेष्टा झाली.

लिलावात मान हलवणाऱ्याचं पुढं काय होतं? गाडीभाडं जातानाचं लागलेलं असतंच, आता परतीचंही लागणार. आलेलं भाडं काही परत मिळत नाही, ते हिशेबात धरायला नको. पण परतीचं, आणि पुन्हा यायचं, ते मात्र धरायला हवं. क्विंटलला पन्नास रुपयांसाठी ते परवडत नाही, म्हणून बरेच जण थोडा वेळ गाडीला टेकून उभे राहतात आणि काट्याकडे वळतात. काही जण जवळच्या सेलूच्या बाजाराची वाट धरतात. तिथं कधी भाव बरा निघतो. कधी तोही नाही, आणि मग सेलूच्या आवारात तोच माणूस पुन्हा मान हलवायची की नाही ते ठरवत उभा असतो.