जेलचे नख सुटते कुठून?

जेल एक्स्टेन्शन नीट बसले तर दोन ते तीन आठवडे टिकायला हवे. त्याआधीच ते उचलले गेले किंवा मोडले, की दोष जेलच्या ब्रँडवर जातो आणि पुढच्या वेळी आणखी महाग बाटली आणली जाते. खोट मात्र क्वचितच बाटलीत असते. ती कुठे आहे, हे बऱ्याचदा सुटलेली जागाच सांगते. त्यामुळे नख काढून टाकण्याआधी ते उजेडात धरून पाहावे.

सर्वांत जास्त तक्रारी नखाच्या मुळाशी, कातडीलगतची कड सुटल्याच्या असतात. तिथे कातडीचा अतिशय पातळ, निर्जीव पापुद्रा नखाला चिकटून पुढे सरकत असतो. खरा क्युटिकल तो हाच. पुशरने जिवंत कातडी मागे सारली तरी हा पापुद्रा नखावरच राहतो आणि चटकन दिसतही नाही. त्यावर जेल लावले तर ते नखाला न धरता पापुद्र्याला धरते आणि ओल आलेल्या भिंतीवरच्या रंगासारखे पोपडा होऊन निघते. पापुद्रा खरवडून काढला, तरी जेल वाहत जाऊन कातडीवर चढले तर कड सुटणारच, कारण कातडी हलते आणि जेल हलत नाही. म्हणून मुळाशी आणि दोन्ही बाजूंना केसाएवढी फट मोकळी सोडतात. कड फक्त बाजूंनी सुटली असेल तर जेल तिथे वाहून गेले असावे, नाहीतर लावलेली टिप नखापेक्षा अरुंद असावी. ओढून बसवलेली टिप पूर्ववत होऊ पाहते आणि कडा उचलते.

पापुद्रा निघाल्यावर बफरने नखाची चकाकी घालवायची, तीही केवळ चकाकीच. नखाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. घट्ट पकड मिळावी म्हणून ड्रिलने जास्त घासले तर नख पातळ होऊन वाकू लागते, वरचे जेल तितके वाकत नाही आणि दोघांमधली पकड सुटते. पकड वाढवण्याच्या हौसेने ती घालवण्याचा हा प्रकार पार्लरमध्ये सर्रास दिसतो. त्यानंतर तेल-ओल काढणारे डिहायड्रेटर आणि पकड देणारे प्रायमर लागतात. ते लावल्यावर नखाला बोट लागले तरी त्वचेचे तेल पुन्हा नखावर येते.

पाणी हा दुसरा शत्रू. नख पाणी शोषून फुगते आणि काही तासांनी सुकून पुन्हा आकसते. हात कोमट पाण्यात बुडवून केलेल्या मॅनिक्युअरनंतर लगेच एक्स्टेन्शन बसवले, तर ते फुगलेल्या नखावर बसते. तयारी कोरडीच करावी असा नियम त्यामुळेच आहे. लग्नसराईत आणखी एक भानगड होते. मेंदी रंगावी म्हणून चोळलेले नीलगिरीचे किंवा लवंगेचे तेल नखांवर राहते. मेंदीनंतर जेल लावायचे असेल तर नखे आधी नीट धुऊन पूर्ण सुकू द्यावी लागतात. जेल आधी आणि हळद नंतर असा क्रम ठेवला तर फिकट रंगाला पिवळी छटा येऊ शकते.

जेलचा पूर्ण पापुद्रा एकसंध निघून आला तर तयारीबरोबर जेल घट्ट करणाऱ्या लॅम्पवरही संशय घ्यावा. नखांच्या बहुतेक लॅम्पचा प्रकाश ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि जेलमधला प्रकाश शोषणारा घटक त्याच्याशी जुळावा लागतो. खोक्यावर छापलेल्या वॉटवरून हे कळत नाही. गडद रंग आणि जाड थर प्रकाश खालपर्यंत पोचू देत नाहीत. अंगठा लॅम्पमध्ये तिरका राहतो, म्हणून तो वेगळा धरावा. जाड थर घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, चटका बसला की हात बाहेर ओढला जातो आणि घट्ट होण्याची क्रिया, म्हणजे क्युअरिंग, अर्धवट राहते. थर पातळ असले तर ही वेळ येत नाही. वर राहणारा चिकटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे असतो, त्यावरून क्युअरिंग कच्चे आहे असे ठरत नाही. आणि हाताला कडक लागलेला थर आत कच्चा असू शकतो.

कच्चे जेल ही केवळ टिकाऊपणाची बाब नाही. त्यातला हेमा हा घटक त्वचेवर वारंवार लागला तर ॲलर्जी होऊ शकते. एकदा झालेली ही ॲलर्जी सहसा जात नाही आणि याच कुळातील रसायने वापरणाऱ्या दंतोपचारातही ती आड येऊ शकते. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादने व्यावसायिक वापरापुरती मर्यादित केली. घरी संच मागवून प्रयोग करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मोडण्याची कारणे निराळी असतात. नख बोटावरून जिथे सुटे होते तिथे आडवी भेग पडली, तर तिथला उंचवटा, म्हणजे एपेक्स, कमी पडला किंवा चुकीच्या जागी बसला असे समजावे. सगळीकडे सारखा जाड थर देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जेल या भागावर जाड आणि मूळ व टोकाकडे पातळ हवे. नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि एपेक्स त्याबरोबर पुढे सरकतो. रिफिल लांबवले की तोल जातो आणि चांगले बसलेले नखही मोडते. टोकाचे टवके उडत असतील तर कडेवरून जेलचा हात फिरवलेला नाही.

बसवल्यानंतरची काळजी थोडी आहे: भांडी घासताना हातमोजे, डबा उघडायला चमचा आणि रोज थोडे क्युटिकल ऑइल. आधी पकड बिघडवणारे तेल आता नखाची लवचिकता टिकवते.

सुटलेली कड घरच्या गोंदाने चिकटवू नये. आत अडकलेल्या ओलाव्यात स्यूडोमोनास जिवाणू वाढून नखावर हिरवट डाग पडतो. जेलऐवजी नखच खालच्या त्वचेपासून सुटून पांढरट दिसत असेल तर एक्स्टेन्शन थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. थायरॉइडच्या विकारात आणि सोरायसिसमध्येही असे होते. सॉफ्ट जेल ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटांत मऊ होते, हार्ड जेल फाइलनेच घासून काढावे लागते. ओढून उपटल्यास नखाचे थर जेलबरोबर निघतात. तो भाग वाढून कापला जाईपर्यंत चार ते सहा महिने लागतात आणि तोवर त्यावर बसवलेले प्रत्येक एक्स्टेन्शन लवकर सुटण्याचीच शक्यता अधिक.